उजवीकडची बाई

चिकपेटात बांगड्यांच्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर माझाच चेहरा चिकटवलेला होता. खळ अजून ओली होती, कागदाचा खालचा कोपरा सुटून वाऱ्याने हलत होता. हिरव्या बांगड्यांचं माप सांगायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं. फोटोत मी वाकले आहे, डाव्या हातात कुंकवाची कुयरी, उजव्या हाताचं बोट समोर बसलेल्या एका गोऱ्या बाईच्या कपाळावर, आणि आम्ही दोघी हसतोय. काळ्यापांढऱ्या छपाईत ते बोट काळंकुट्ट आलं होतं. वर कानडीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की माणसं गाडणाऱ्या सरकारसाठी बंगळूरने पायघड्या घालू नयेत, आणि खाली, रक्ताचा टिळा लावणारे हात. माझं नाव कुठे नव्हतं. मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगून टाकते, लाजायचं काय त्यात: तेव्हा मी बरी दिसत होते की. दुसऱ्यांदा जे आलं ते मात्र थेट डोक्यात गेलं. फोटोच्या उजव्या कडेला एक खांदा होता आणि वेणीचं टोक. बस, तेवढंच. त्या खांद्याची बाई कापून टाकलेली होती. दुकानदाराने खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अक्का, तुमच्यासारखंच कोणीतरी दिसतंय, असं कानडीत म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासारखं नाही, मीच आहे. एक जोड बारीक हाताची दे, एक भरलेल्या हाताची, आणि टिचलेल्या नकोत. सरी, म्हणाला, आणि खाली मान घालून पेट्या काढायला लागला.

रिक्षात बसल्यावर राग चढला. नोकरीत असताना राग आला की मी नेहमी काहीतरी धरून बसायचे, पेला नाहीतर पंखा. आता बांगड्यांची पुडकी धरली. तो फोटो जगात दोनच ठिकाणी होता. एक मी पूर्वी नोकरीवर होते त्या देशाच्या सरकारी वर्तमानपत्रात, ज्याचा अंक इथे कोणाकडे असायचं कारण नाही. दुसरा बसवनगुडीत, अण्णाच्या घरी वरच्या मजल्यावर, माझ्या कपाटातल्या अल्बममध्ये. म्हणजे घरातूनच गेला होता. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ बिंदुमाधव, तो कपाट सोडा, माझ्या खोलीतसुद्धा येत नाही. विमलावहिनी येतात, पण त्यांना देवाच्या फोटोखेरीज कुठल्या फोटोत रस नाही. राहिला प्रणीत, त्यांचा मुलगा. कोरमंगलाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला, कमरेला पेजर, आणि सहा वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून नकाशातले देश ओळखणारा. गेल्या पंधरवड्यात तो तीनदा वर येऊन गेला होता, आत्ते तुझ्या पोस्टिंगच्या गोष्टी सांग ना, म्हणून. मी मूर्खासारखी खूश झाले होते.

त्या देशाचं नाव मी घेत नाही, नोकरीतली सवय आहे. समुद्रकाठचा देश, मार्शलचं राज्य. मी तिथे आपल्या वकिलातीत होते. परराष्ट्र खात्यात शिरले तेव्हा बाईने लग्न करायचं तर सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि परवानगी मागण्यासारखा पुरुष भेटला नाही, असं मी लोकांना सांगते. पुरुष भेटला होता, परवानगी मागायची माझी तयारी नव्हती. ते असो. मारेन मला तिथली भाषा शिकवायला येत असे. बारीक मनगटाची, लांब वेणीची, हसली की तोंडावर हात ठेवणारी. तिचा नवरा दोवान भूगोलाचा मास्तर होता. मास्तरांच्या संपात पुढे होता म्हणून एका सकाळी त्याला शाळेतूनच उचललं. खटला नाही, आरोप नाही, कुठे ठेवलाय ते सांगणं नाही. मारेन दुसऱ्या दिवशी शिकवायला आली, क्रियापदं घेतली, आणि जाताना म्हणाली की त्याचा चष्मा टेबलावरच राहिला आहे, त्याला हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. जणू नवरा चष्मा विसरून बाजारात गेला होता. दिल्लीची सक्त सूचना होती की त्यांच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, आणि आमचे राजदूत सूचना पाळण्याबद्दल प्रसिद्ध होते.

पण हळदीकुंकवाबद्दल दिल्लीची सूचना नव्हती. चैत्र आला होता. राजदूतांच्या पत्नी भारतात गेलेल्या, म्हणून घरची बाई मीच. मी चैत्रगौर मांडायची ठरवली आणि तिथल्या मंत्र्यांच्या, सेनापतींच्या बायकांना बोलावणी धाडली, भारतातला स्त्रियांचा सण म्हणून. मेजवानी असती तर काय झालं असतं ते मला पाठ होतं. कोणाच्या शेजारी कोण, कोणाची खुर्ची कोणाच्या वर, हे ठरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. तसल्या टेबलावर भूगोलाच्या मास्तराची बायको गृहमंत्र्यांच्या बायकोपासून पन्नास हातांत आली नसती. सतरंजीवर मात्र कोणाची जागा ठरलेली नसते. येईल ती बसते. दारी आलेल्या बाईला परत पाठवायचं नसतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पुरुष आत येत नाहीत, त्यामुळे त्या बायकांच्या मागे सावलीसारखी फिरणारी काळ्या कोटातली माणसं व्हरांड्यात कॉफी पीत बसली. गृहमंत्री ओरवे यांच्या पत्नी, मादाम ओरवे, आल्या, बूट काढले, आणि पायातल्या मोज्याला भोक होतं ते लपवत मांडी घालून बसल्या. त्यांच्या उजवीकडे मी मारेनला बसवलं.

कुंकवाचा अर्थ मी आधीच त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितला होता, सोपा करून: ज्या बाईला हे लावतात तिचा नवरा जिवंत आहे. मादामना मी कुंकू लावलं, तेव्हाच त्यांच्या सरकारी वर्तमानपत्राच्या बाईने फोटो काढला. मग मारेनकडे वळले. आणि थांबले. खरंच थांबले, नाटक नव्हे. कारण दोवान जिवंत आहे की नाही, मलाच ठाऊक नव्हतं. सतरंजीवरच्या सगळ्या बायकांना कळलं की मी का थांबले. मारेन माझ्या बोटाकडे बघत होती. मग मी कुयरी मादामपुढे केली आणि म्हटलं, आमच्याकडे थोरल्या बाईच्या हातून लावायची पद्धत आहे, तुम्ही लावा. अशी काही पद्धत नाही. मादामनी कुयरीकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब माझ्या कुंकवापाशी येऊन अडला. मग त्यांनी बोट बुडवलं आणि मारेनच्या कपाळावर टेकवलं, जरा जोरातच. मारेन रडली नाही. तिने हळू आवाजात विचारलं, चष्मा पाठवू का? मादाम म्हणाल्या, माझ्याकडे द्या. कैरीची डाळ खाऊन झाल्यावर व्हरांड्यातल्या माणसांना न दिसता चष्म्याचं घर एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये गेलं. दोवानला तो पोचला. कसं कळलं? पुढच्या महिन्यात मारेनला भेटीची परवानगी मिळाली, तेव्हा त्याच्या नाकावर होता.

सरकारी वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटो आला, भारतीय भगिनींसह मादाम ओरवे. मारेनला कापलं होतं. मग मूळ फोटो मी फोटो काढणाऱ्या बाईकडून मागून घेतला, अख्खा, मारेनसकट, आणि अल्बममध्ये लावला. मारेनला त्याचा काय उपयोग? तिच्याच लोकांनी बाजारात तिच्या अंगावर थुंकून विचारलं की मादामच्या मांडीला मांडी लावून काय मिळालं. बदली झाली तेव्हा ती विमानतळावर आली होती. मी विचारलं, दोवानचं नाव मी बाहेर बोलू का, वर्तमानपत्रात, कुठे? तिने माझ्या साडीचा पदर नीट केला. म्हणाली, मला विचारू नकोस, विचारलंस तर मी नाहीच म्हणणार. तेव्हापासून मी ते नाव पोटात ठेवलं. ज्याचं नाव बाहेर येतं तो दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो, असं तिथे घडताना मी बघितलेलं होतं. दरवर्षी मी जुन्या ओळखींतून, कोणी तिकडे जाणारं असेल त्याच्याकरवी, मादामना विचारत राहिले. कधी उत्तर आलं, कधी नाही. गेली दोन वर्षं काहीच नव्हतं. आणि आता शहाण्णवच्या या चैत्रात ओरवे, व्यापारमंत्री झालेले, बायकोसह बंगळूरला आले होते, कॉम्प्युटरच्या कंपन्या बघायला. मी हॉटेलात फोन करून मादामना रविवारचं हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं. त्या लगेच येते म्हणाल्या. इथल्या डोळ्यांच्या इस्पितळात मी डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, दिल्लीत व्हिसासाठी एका जुन्या सहकाऱ्याचे पाय धरले होते. दोवानला ऑपरेशनसाठी म्हणून बाहेर काढायचं. एकदा तो इथे उतरला की पुढचं मी बघून घेतलं असतं. तो जिवंत असेल तर.

संध्याकाळी प्रणीत ऑफिसातून आला तेव्हा मी अल्बम उघडून हॉलमध्ये बसले होते. रिकाम्या जागी चार कोपऱ्यांचे काळे कागद तेवढे राहिले होते. त्याने बूटही काढले नाहीत. घेतला, म्हणाला, आणि परत देणार होतो. तुझं नाव घालू दिलं नाही मी, सगळे घाला म्हणत होते. मला त्याचे आभार मानायची पाळी आली होती वाटतं. मग त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ओरव्यांना त्याच्याच कंपनीकडून काम करून हवं होतं: देशातल्या प्रत्येक माणसाची नोंद कॉम्प्युटरवर, कोण कुठे राहतं, कोणाचा भाऊ कोण, कोण कुठल्या संपात होतं. तो प्रोग्रॅम लिहायला प्रणीतला सांगितलं होतं. त्याने नाही म्हणून सांगितलं, आणि सोमवारी त्याला वरच्या साहेबांनी बोलावलं होतं. नोकरी जाणार हे उघड होतं. हे ऐकताना अण्णाने वर्तमानपत्र तोंडासमोर आणखी वर धरलं. मला पोराचा अभिमान वाटला, आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली, दोन्ही एकाच वेळी. असं मला त्याच्याच बाबतीत होतं.

तो म्हणाला की असल्यांशी बोलायचंच नसतं. बोललं की ते माणसांत येतात. तुम्ही लोक चहा पाजत राहिलात आणि ते माणसं गाडत राहिले. मग जरा खालच्या आवाजात त्याने विचारलं, "आत्ते, खरं सांग, त्या सगळ्या बोलण्यातून निघालं काय?"

"चष्मा," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत एक चष्मा?"

"हो, एक चष्मा. आंधळ्यासारखा भिंती चाचपणारा माणूस वाचायला लागला. तू कुणाला चष्मा दिलास रे? त्या खांबावरच्या कागदाने कोणाच्या नाकावर काय ठेवलं?"

तो हरल्यासारखा दिसला नाही. मला तेच सलत राहिलं. कारण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि चष्मा शेवटचा कोणी बघितला त्यालाही वर्षं झाली होती. म्हणून मी दुसरं भांडण काढलं. म्हटलं, त्या मार्शलच्या वर्तमानपत्राने मारेनला जिथे कापलं, तिथेच तुम्ही कापलं, त्याच रेषेवर. कात्रीसुद्धा त्यांचीच आणली होतीत काय? प्रणीतने प्रामाणिकपणे सांगितलं की ती कोण आहे ते माहीत नव्हतं, कागदावर जागा पुरत नव्हती. हे ऐकून मला हसू आलं, फार वाईट हसू. हजारो माणसांसाठी कागद काढला आणि त्यातल्या एकीला जागा पुरली नाही. मी त्याला मारेनचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं, आणि आतून कोणीतरी ते धरलं, विमानतळावर पदर नीट करणारा हात असावा तो. प्रणीत म्हणाला, रविवारी आम्ही फाटकावर उभे राहणार, हे माझं घर आहे तरी राहणार, आणि मादाम आली की घोषणा देणार. मी म्हटलं, राहा, ऊन असतं, टोपी घाल.

रात्री वहिनी वर आल्या. हळदीकुंकू पुढे ढकलू या म्हणाल्या, तृतीयेपर्यंत मुभा असते, हवं तर गौर अक्षय तृतीयेलाच बोळवू. त्यांना भीती फाटकावरच्या गोंधळाची होती, आणि मला ठाऊक होतं की दुसरीही एक गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं टोचते. वन्सं कुमारिका, केस पांढरे झालेली कुमारिका, तिच्या हातून सवाष्णींनी कुंकू घ्यायचं म्हणजे काय? आल्या-गेल्यांत माझी जागा कुठे, हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही. बिचाऱ्या तोंडाने बोलत नाहीत, पण कुयरी माझ्या हातात देताना त्यांचा हात रेंगाळतो. मी म्हटलं, वहिनी, बोलावणं गेलेलं आहे, येणारी येईल, तुम्ही कोसंबरीच्या डाळीत कैरी जास्त घाला. त्या गेल्यावर मी बांगड्या पुडक्यातून काढून दोनदा मोजल्या. बारीक हाताच्या मारेनच्या. तिचं मनगट मला आठवत होतं, पेन्सिल धरताना हाड वर यायचं. पण बांगड्या घ्यायच्या असतात जिचा नवरा आहे तिच्यासाठी, आणि मी त्या कोणत्या खात्रीवर घेतल्या होत्या? समजा मादामनी त्या बांगड्यांकडे बघून मान फिरवली तर? या प्रश्नापाशी मी आले की मन अंगठा ठेचल्यासारखं मागे येत होतं. मी ठरवलं की मान फिरवली तरी बांगड्या पुढे करायच्याच. बघू दे तिला, काय फिरवते ते. तोंडाने सांगायची हिंमत नसेल तर हाताने सांगावं लागेल.

रविवारी दुपारी हॉलमधलं फर्निचर अण्णाने कुरकुरत बाहेर ओढलं आणि स्वतः गच्चीवर जाऊन बसला. गौर झोपाळ्यात बसली. बायका आल्या, गल्लीतल्या, आमच्या समाजातल्या, दोघी प्रणीतच्या वयाच्या नव्याने पुण्याहून आलेल्या, त्या पटापट इंग्रजीत बोलत होत्या आणि कोसंबरी म्हणजे आपली डाळच की, म्हणून एकमेकींना सांगत होत्या. माझ्या समोर मादामची जागा, आणि मादामच्या उजवीकडची जागा मी रिकामी ठेवली. तिथे कोणी बसायला आलं की वहिनी आवंढा गिळून तिला दुसरीकडे सरकवत होत्या. फाटकाशी मुलं जमली होती, हातात तोच कागद पुठ्ठ्यांवर चिकटवून. माझे कितीतरी चेहरे उन्हात उभे होते. गाडी आली तेव्हा घोषणा सुरू झाल्या, बंगळूर सोडा, खुनी परत जा, त्यात प्रणीतचा आवाज मला वेगळा ऐकू आला, लहानपणी पाढे म्हणायचा तसा ताणलेला. मादाम खाली न बघता आत आल्या. काळ्या कोटातला एक जण मागून आला, त्याला वहिनींनी व्हरांड्यातच खुर्ची दिली आणि पेल्यात कॉफी दिली. आत बायका आहेत, म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही, पण तो बसला. मी मनात वहिनींना नमस्कार केला.

मादाम म्हाताऱ्या झाल्या होत्या. गाल उतरले होते. त्यांनी बूट काढले, मांडी घालायला त्रास झाला, आणि बसल्यावर पहिल्यांदा त्यांनी उजवीकडे बघितलं, रिकाम्या जागेकडे. मी कुंकू लावलं, ओटी भरली, हरभरे दिले, आणि त्यांच्या भाषेत हवापाण्याचं बोलत राहिले. माझी भाषा गंजली होती, क्रियापदं अडखळत होती. सगळी भाषा मारेनचीच होती, प्रत्येक शब्द तिने दुरुस्त केलेला. मादामच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण एकदा त्या हलकेच हसल्या. मग त्यांच्या हातात मी भरलेल्या हाताच्या बांगड्या घातल्या, आणि बारीक हाताच्या त्या रिकाम्या जागेवर सतरंजीवर ठेवल्या, वर कुंकवाची पुडी. म्हटलं, ती नाही आली. तिचं वाण तुम्ही न्याल? आजूबाजूला पुण्याच्या मुली कसल्याशा रेसिपीवर हसत होत्या. बाहेर घोषणा चालू होत्या. मादाम बांगड्यांकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती कुठे वळते ते. या क्षणी मला प्रणीतचा, वहिनींचा, दिल्लीचा, सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त या सतरंजीचा, जिच्यावर मला बोटांनी विचारावं लागतं.

मादामनी बांगड्या उचलल्या. पुडीही उचलली. पर्स उघडून दोन्ही आत ठेवलं. "हिवाळ्यात त्याने नवा चष्मा मागितला," त्या म्हणाल्या. "नंबर वाढला होता. मी करून दिला."

माझ्या हातून अत्तरदाणी कलंडली. वहिनींनी पटकन ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. जिवंत होता. नंबर वाढण्याइतका, नवा मागण्याइतका जिवंत. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, इस्पितळ, व्हिसा, ऑपरेशन, फक्त विमानात बसवा. मादाम ऐकत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आवडलं नाही. माझ्या शब्दावर नवरा त्याला सोडणार नाही, म्हणाल्या. चष्मा माझ्या हातात होता, दरवाजा नाही. नवरा मला विचारेल, या मास्तराला सोडून मला काय मिळेल? ज्याचं नाव या गावात कोणी ऐकलेलं नाही, त्याला सोडून काही मिळत नाही. मी म्हटलं, नाव बाहेर घेतलं तर माराल त्याला. त्या म्हणाल्या, तेव्हा मारलं असतं. आता माझ्या नवऱ्याला इथून कॉम्प्युटर न्यायचे आहेत, हसत फोटो काढून घ्यायचे आहेत. एवढ्यात वहिनी उठून खिडकी लावायला निघाल्या, बाहेरचा आरडाओरडा फार होतोय म्हणून. मादामनी हात वर केला. "उघडी राहू द्या," त्या मला म्हणाल्या. "ती मुलं एवढं ओरडताहेत, पण मागत काहीच नाहीत. तुम्ही मागता, पण ऐकू फक्त मला येतं."

हे ऐकवायला हिला हाच मुहूर्त मिळाला. हिच्या नवऱ्याने उचललेला माणूस, आणि ही मला शिकवते की कसा मागायचा. मला तिच्या कपाळावरचं माझंच कुंकू पुसून टाकावंसं वाटलं. आणि ती बरोबर होती, हे त्याहून वाईट. पण मी चुकले होते असं कोणी म्हणेल तर त्याची जीभ हासडीन. मी बोलत राहिले नसते तर आज नाव घ्यायला माणूस उरला नसता. विमानतळावर मारेनने मला सांगितलं होतं, विचारू नकोस. विचारू नकोस म्हणजे करू नकोस असं ती म्हणाली नव्हती, हे इतकी वर्षं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल नसेल, आता ऐकलं. मी उठले. पन्ह्याचे पेले भरलेलं ताट वहिनींच्या हातून घेतलं. त्या म्हणाल्या, फाटकावर कशाला, बायकांचं अजून व्हायचंय. मी म्हटलं, दारी आलेत ना तेही.

ऊन असं होतं की फरशी पायाला चटके देत होती, चपला घालायचंही मी विसरले होते. मला येताना बघून घोषणा विस्कटल्या. मुलांना वाटलं म्हातारी हात जोडायला येते आहे. प्रणीतच्या डोक्यावर टोपी होती, मी सांगितलेली. ताट फाटकाच्या कट्ट्यावर ठेवून मी त्याच्या हातातला पुठ्ठा घेतला, माझ्या चेहऱ्याचा, आणि विचारलं, पेन आहे का जाडं? कोणीतरी दिलं. माझं बोट अजून लाल होतं, पुठ्ठ्याच्या कडेला डाग पडला. फोटोखाली मी माझं नाव लिहिलं, वसुमती, मोठ्या अक्षरांत, मग वर, सगळ्याच्या वर, दोवानचं. आणि उजवीकडच्या त्या खांद्यापाशी मारेन.

"ही बाई परत घाल," मी प्रणीतला म्हटलं. "मूळ फोटो तुझ्याकडे आहे. आज रात्री सगळे कागद नवे काढा, जागा कमी पडली तर मला कापा. आणि नुसतं परत जा म्हणू नका, दोवानला सोडा म्हणा. डोळ्यांच्या ऑपरेशनला पाठवा म्हणा. इस्पितळात खाट तयार आहे म्हणा."

तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला. ओठांवर पन्हं नव्हतं तरी त्याने ते पुसले. मग विचारलं, आत्ते, जिवंत आहे तो? मी म्हटलं, बांगड्या नेल्या तिने. त्याला काय कळलं ठाऊक नाही, पण घरात जन्म गेलाय त्याचा, हळदीकुंकवाची ताटं उचलत मोठा झालाय. त्याने मान हलवली. सोमवारी नोकरी जाणार असलेल्या पोराने पेला उचलून घटाघटा पन्हं प्यायलं, पेला माझ्या हातात दिला, आणि मागे वळून मुलांना ते नाव दोनदा सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं नाव रस्त्यावर ऐकताना मी फाटकाची कडी घट्ट धरली. आता ते परत घेता येणार नव्हतं.

मादाम बाहेर आल्या तेव्हा काळ्या कोटातला माणूस घाईघाईने गाडीचं दार उघडत होता, त्याने नाव ऐकलं होतं, चेहरा पडला होता. मादामनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. गाडी फाटकातून हळू निघाली, दोन्ही बाजूंनी मुलं दोवान, दोवान म्हणत होती, वहिनी कधी बाहेर येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नव्हतं. कोटवाल्याने पुढच्या सीटवरून मागे वळून काच वर करा, असं हाताने सांगितलं. मादामचा हात काचेच्या मुठीवर गेला, हिरव्या बांगड्या घातलेला. तो तिथेच राहिला. गाडी वळणापर्यंत गेली, नाव आत जात राहिलं, आणि काच खालीच होती.